हे अंशतः खरे आहे

नांदगावात प्रश्न पडलेली माणसं पुष्कळ. नळाला पाणी कधी येणार, कांद्याला भाव कधी मिळणार, अमुक एक्स्प्रेसला थांबा कधी होणार, असले प्रश्न स्टेशनापासून तहसील कचेरीपर्यंत कुणाकडेही मागा, एका कटिंगमध्ये चार मिळतात. पण प्रश्न नुसता पडून भागत नाही, तो चार पोटभागांत पाडावा लागतो, हे कळलेला माणूस तालुक्याला एखादाच. आमच्याकडे ते नाना आहेत. त्यांचं आडनाव मुद्दाम देत नाही. असा एक नाना चाळीसगावला आहे, एक येवल्याला आहे, सिन्नरलाही असणार, आणि प्रत्येकाची खात्री होईल की हे आपल्यावरच लिहिलंय.

नाना आमदारांना प्रश्न लिहून देतात. म्हणजे विधिमंडळात जे तारांकित आणि अतारांकित प्रश्न छापून येतात, त्यांतल्या काहींचं बीज नांदगावात, कडप्प्याच्या ओट्यावर, दोन जुन्या कॅलेंडरांच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर रुजतं. छापताना वर आमदारांची नावं येतात. कधी एक, कधी पाच-सात, प्रत्येकासमोर मतदारसंघ. नानांचं नाव कुठंच नसतं. त्यांना त्याचं काही वाटत नाही. "मूळ कागदावर प्रेस्टीज नसतं, जावक क्रमांक असतो," असं ते म्हणतात.

नानांचं वर्षही निराळं आहे. त्यात तीनच ऋतू: अर्थसंकल्पीय, पावसाळी आणि हिवाळी. नांदगावात पाऊस पडो न पडो (बहुधा न पडोच), नानांचा पावसाळा मुंबईला विधान भवनात सुरू होतो आणि हिवाळा नागपूरला. अधिवेशनाची तारीख लागली की घरात लगबग होते. चष्मा पुसला जातो, कात्रणांची पिशवी खाली उतरते. नानी माळ्याकडे बघून विचारतात, "लागलं का अधिवेशन?" आणि दळण स्वतःच घेऊन निघतात, कारण आता महिनाभर हा माणूस कामाचा नाही.

या माणसाला ही विद्या कुठून आली, तर नोकरीतून. आयुष्यभर ते एका सरकारी कचेरीत कारकून होते आणि त्यांच्या टेबलावर येणारं सगळ्यात भीतिदायक टपाल म्हणजे एलएक्यू, विधानसभेतला प्रश्न. विधान भवनात प्रश्न स्वीकारला गेला की तो मंत्रालयातल्या कार्यासनाकडे जातो, तिथून आयुक्तालय, तिथून जिल्हा, जिल्ह्याहून तालुका, तालुक्याहून गाव. प्रत्येक पायरीवर वरचा साहेब खालच्याला 'अत्यंत तातडीचे' असा शिक्का मारून देतो आणि आपल्याकडे लागलेले दिवस त्याच्या मुदतीतून कापून घेतो. नानांच्या टेबलावर कागद पोचायचा तेव्हा वर लिहिलेलं असायचं, 'आज दुपारी ४ पर्यंत'. आणि घड्याळात पाच वाजलेले असायचे.

मग उत्तराचा परतीचा प्रवास. तो नाना रंगून सांगतात. गावचा माणूस लिहितो, 'बंधारा वाहून गेला'. शाखा अभियंता त्याचं करतो, 'बंधाऱ्याची अंशतः हानी झाली'. उपअभियंत्याला हानी हा शब्द जड वाटतो, तो लिहितो, 'किरकोळ दुरुस्ती आवश्यक'. जिल्ह्याला कळतं की दुरुस्ती आवश्यक म्हटलं की निधी का दिला नाही हा पुढचा प्रश्न येणार, म्हणून तिथं होतं, 'दुरुस्तीची बाब विचाराधीन'. आणि सभागृहात मंत्र्यांच्या नावानं छापून येतं: (१) हे अंशतः खरे आहे. वाहून गेलेल्या बंधाऱ्याचा एखादा दगड जागेवर राहिलेला असतोच, त्यामुळे वाक्याला कुणी खोटं म्हणू शकत नाही.

"त्यातला 'अंशतः' माझा," नाना सांगतात. "आमच्या टेबलावरून दर अधिवेशनाला जायचा." सेवानिवृत्तीचा नारळ मिळाला आणि दुसऱ्या आठवड्यात नाना पलीकडच्या बाजूला जाऊन बसले. तीस-एक वर्षं ज्यानं प्रश्न चुकवले, त्यालाच ठाऊक असतं प्रश्न कुठं चुकवता येत नाही.

त्यांचं शास्त्र असं. आपल्याकडचा प्रश्न ठरलेल्या साच्यात असतो. सन्माननीय अमुक मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय, असं म्हणून पहिल्या भागात एखादी गोष्ट मांडायची आणि शेवटी 'हे खरे आहे काय' जोडायचं. दुसरा भाग 'असल्यास' म्हणून सुरू होतो, चौकशी केली आहे काय. तिसऱ्यात कारवाई. चौथ्यात 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत'. नवशिके आमदार पहिल्या भागातच सगळा राग ओततात: भ्रष्टाचार झाला, हे खरे आहे काय? सरकार शांतपणे लिहितं, (१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही. संपलं. चार भागांचा प्रश्न, आणि तीन भाग जन्माला यायच्या आत गेले.

"पहिला भाग असा पाहिजे," नाना बोट वर करून म्हणतात, "की सरकारला 'होय' म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. त्यांनीच काढलेला शासन निर्णय, त्याचा क्रमांक, त्यांचीच तारीख. फुलांच्या माळेतून हात घालायचा. एकदा 'होय' छापलं की दुसरा भाग उद्भवतो. उद्भवला की मग बघू." ही तयारी करायला ते आधी माहिती अधिकारात अर्ज टाकतात. २००५चा कायदा आला तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते. लोकांना वाटलं, नातू झाला.

साच्यातलं त्यांचं सगळ्यात लाडकं म्हणजे 'वा त्यादरम्यान'. 'माहे जून, २०२३ मध्ये वा त्यादरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय'. तुम्ही-आम्ही हे वाचून हसतो. नाना हसत नाहीत. नुसतं 'जूनमध्ये' लिहिलं आणि घटना एकतीस मेला घडलेली निघाली, तर सरकार तेवढ्या एका दिवसाच्या फटीतून सगळं मंत्रिमंडळ घेऊन बाहेर पडेल. 'वा त्यादरम्यान' ही त्या फटीवर मारलेली पट्टी.

भाषेचे आणखी नियम आहेत आणि ते नानांच्या स्वभावाशी रोज भांडतात. लोकसभेचा ४१वा नियम सांगतो की प्रश्नात युक्तिवाद नको, अनुमान नको, उपरोध नको, आरोप नको, विशेषणं नकोत. आणि तो साधारण दीडशे शब्दांत बसावा. आपल्या विधिमंडळाची शिस्तही त्याच वळणाची. आता बघा, नाना बोलायला लागले की उपरोधाशिवाय त्यांना पाणीसुद्धा मागता येत नाही. तो सगळा पिळून काढून कोरडा कागद वर पाठवायचा, हे तप आहे.

२०२३ साली सरकारनं कांद्याला क्विंटलमागं ३५० रुपये अनुदान जाहीर केलं. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात विकलेल्या कांद्याला, शेतकऱ्यामागं २०० क्विंटलपर्यंत. सातबाऱ्यावर कांद्याची नोंद नसलेल्यांची पंचाईत झाली. बोलठाणकडचा एक शेतकरी पावत्यांची पिशवी घेऊन नानांच्या ओट्यावर आला आणि उभ्या उभ्या सांगू लागला, "लिव्हा नाना, सरकारच्या डोळ्यांत माती गेली काय? कांदा विकला तो काय आभाळात पिकला?" नानांनी लिहिलं: सातबारा उताऱ्यावर पिकाची नोंद नसल्याने अनेक शेतकरी उक्त अनुदानापासून वंचित राहिले, हे खरे आहे काय.

शेतकऱ्यानं वाचून घेतलं. "माती कुठं गेली?"

"दुसऱ्या भागात आहे," नाना म्हणाले आणि वाचून दाखवलं: असल्यास, उक्त पिकाची स्थळपाहणी करण्यात आली आहे काय.

"आन् आभाळ?"

"तिसऱ्यात. 'नसल्यास, सदर कांद्याचे उत्पादन कोठे झाले याबाबत शासनाने माहिती घेतली आहे काय.'" शेतकरी समाधानानं गेला.

प्रश्न तयार झाला की तो कुणाला द्यायचा, यात नानांना पक्ष नाही. आपल्याच आमदारानं आपल्याच तालुक्याचा प्रश्न विचारावा असा काही नियम नाही. आपला आमदार सत्तेत असेल आणि त्याला संकोच वाटत असेल तर नाना कोकणातला एखादा विरोधी आमदार शोधतात. यादीत मग छापून येतं की जिथं छत्री मोडेस्तोवर पाऊस पडतो तिथल्या लोकप्रतिनिधीला नांदगाव तालुक्यातल्या कोरड्या बंधाऱ्याची काळजी लागून राहिली आहे. कोकणातल्या बंदराचा प्रश्न नाना परतफेड म्हणून लिहून देतात. समुद्र त्यांनी पाहिलाय तो विधान भवनाला जाताना मरीन ड्राइव्हवर.

रेल्वे मात्र त्यांच्या आवाक्याबाहेर. रेल्वे केंद्राची, ती विधानसभेत चालत नाही, आणि नांदगावला तर सगळं दुःख रेल्वेचंच. शेजारच्या मनमाडला देशभरच्या गाड्या थांबतात. मनमाड आमच्याच तालुक्यात, तालुका आमच्या नावाचा, आणि गाड्या तिथं. नानांनी एकदा खासदारांसाठी प्रश्न तयार केला होता: वेरूळची लेणी पाहण्यास जाणारे प्रवासी पूर्वी नांदगाव स्थानकावर उतरत असत, हे खरे आहे काय. हे शंभर टक्के खरं आहे. निजामाची मनमाडहून हैदराबादकडे जाणारी लाइन १९००मध्ये सुरू होईस्तोवर साहेबलोक नांदगावला उतरत आणि टांग्यानं वेरूळ गाठत. असल्यास, उक्त स्थानकास तोच दर्जा पुन्हा देणार काय, हा दुसरा भाग. प्रश्न पुढं गेला नाही. त्यात माहितीपेक्षा हुंदका जास्त होता, हे नाना आता मान्य करतात.

थोरामोठ्यांत त्यांचं दैवत म्हणजे मधु लिमये. पुण्यात जन्मलेला माणूस, बिहारमधल्या मुंगेर आणि बांका इथून निवडून यायचा आणि दिल्लीच्या सरकारला नियमपुस्तकाच्या जोरावर घाम फोडायचा. "मी नांदगावात बसून मुंबईला विचारतो. अंतर कमी आहे, म्हणून घामही कमी फुटतो," नाना म्हणतात. दुसरी पोथी मुंदडा प्रकरणाची. १९५७ साली आयुर्विमा महामंडळानं हरिदास मुंदडाच्या कंपन्यांत पैसे घातल्याचा प्रश्न लोकसभेत आला. सरकारकडून उत्तर आलं. पण त्या उत्तरानं शंका मिटायच्या ऐवजी वाढल्या. फिरोज गांधींनी, सत्ताधारी बाकावर बसून, ते धरून ठेवलं. मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांचा आयोग नेमला गेला आणि फेब्रुवारी १९५८मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारी राजीनामा देऊन मोकळे झाले. ही कथा सांगताना नाना 'उत्तर आलं' यावर थांबतात. प्रश्नानं मंत्री जात नाही, उत्तरानं जातो, एवढंच त्यांना त्यातून घ्यायचं असतं.

म्हणूनच तारांकितापेक्षा अतारांकितावर त्यांची माया. लोकसभेत दिवसाला वीस तारांकित प्रश्न यादीत येतात; तासाभरात त्यांतले थोडेच तोंडी होतात. अतारांकित २३० पर्यंत, आणि त्या प्रत्येकाला लेखी उत्तर. तारांकिताला पूरक प्रश्न, टाळ्या, बाके वाजवणं, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. अतारांकिताला काही नाही, नुसतं छापील उत्तर. सप्टेंबर २०२०मध्ये करोनामुळं संसदेच्या पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच झाला नाही, तेव्हा लेखी उत्तरं तेवढी मिळत राहिली. विरोधी पक्ष संतापले. संतापायलाच हवं होतं, कारण मंत्र्याला उभं करून विचारण्याची सर कागदाला नाही. नानांनी मात्र त्या दिवशी ओट्यावर बसून तांदूळ निवडता निवडता "आम्ही राहिलो" एवढंच म्हटलं.

एकदा गावानं त्यांच्यावर संशय घेतला होता. डिसेंबर २००५. प्रश्न विचारायला पैसे घेताना खासदार छुप्या कॅमेऱ्यात सापडले, अकरा जणांना संसदेनं काढून टाकलं, आणि त्यांतले दोघे तर आमच्या शेजारचे, जळगाव आणि एरंडोलचे. गिरणेचं पाणी आमच्या तालुक्यातल्या धरणातून जिकडं जातं, तिकडचेच. लगेच पारावर चर्चा: नाना, तुम्हाला एका प्रश्नाचे किती मिळतात? नानांनी १९५१चं मुदगल प्रकरण सांगून पाहिलं, की हे दुखणं जुनं आहे, मुंबईच्या सराफ संघटनेसाठी प्रश्न विचारल्याबद्दल तेव्हाही एका खासदाराला जावं लागलं होतं. त्यानं संशय उलट वाढला, याला बरी माहिती. पण नानांचं खरं दुःख वेगळं होतं. छुपा कॅमेरा लावणाऱ्या पत्रकारांनी पुढं केलेल्या प्रश्नांत एक रेल्वे इंजिनाचा होता, आणि इंजिनाचं नाव एका इंग्रजी कादंबरीच्या नायकावरून उचललेलं. असलं इंजिन जगात नव्हतंच. "पैसे घेतले ते घेतले," नाना कळवळून म्हणाले, "पण प्रश्न वाचला नाही रे! रेल्वेच्या गावातल्या पोरानंसुद्धा सांगितलं असतं, असलं इंजिन नाही म्हणून."

आता तुम्ही विचाराल, या सगळ्यानं होतं काय? तर बंधाऱ्याची गोष्ट ऐका. गाव सांगत नाही. तिथं एक केटीवेअर होता, पावसाळा संपला की लोखंडी फळ्या लावून पाणी अडवायचं. फळ्या नव्हत्या. अर्ज झाले, मोर्चा झाला, उपोषणाचा मांडव पडला. नानांनी अडीच ओळी लिहिल्या. (१) उक्त बंधाऱ्याकरिता फळ्यांची खरेदी करण्यात आली, हे खरे आहे काय. (२) असल्यास, सदर फळ्या सद्यःस्थितीत कोठे आहेत?

पहिल्याला सरकार अभिमानानं 'होय' म्हणणार, खरेदीचं बिल फाडलेलं होतं. दुसऱ्याला काय म्हणणार? अधिवेशनाच्या आठवड्यात एका रात्री ट्रकचा आवाज आला आणि सकाळी बंधाऱ्याच्या काठावर फळ्यांचा ढीग. छापील उत्तर: (२) सदर फळ्या बंधाऱ्याच्या ठिकाणी उपलब्ध आहेत. उत्तर खोटं ठरू नये म्हणून सरकारनं काम केलं होतं. माझ्या मते लोकशाहीच्या पुस्तकात हे स्पष्ट लिहिलेलं नाही, पण सगळी मेख इथंच आहे. खोटं छापलं तर हक्कभंगाची भीती, 'करण्यात येईल' म्हटलं तर आश्वासन समिती मागं लागते. त्यापेक्षा ट्रक स्वस्त पडतो.

मात्र सरकार विचारलं त्यापेक्षा एक इंच जास्त करत नाही. फळ्या काठावरच राहिल्या, कारण बसवल्या काय असं विचारलं नव्हतं. हिवाळी अधिवेशनात ते विचारलं. फळ्या बसल्या. पाणी फटींतून वाहून गेलं, कारण रबराच्या सीलचा उल्लेख राहिला होता. अर्थसंकल्पीय अधिवेशनात सील आलं. तोवर नदी आटली होती. गावचा म्हातारा ओट्यावर येऊन अहिराणीत विचारायचा, "नाना, बंधाराना काय व्हयनं?" आणि नाना म्हणायचे, "तीन भाग झाले आप्पा, चौथा तेवढा निसर्गाकडं प्रलंबित आहे." पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला आणि पाणी थांबलं. आमदारांनी जलपूजन केलं, श्रीफळ वाढवलं. नाना गर्दीत मागं उभे राहून फळ्या मोजत होते.

घरी मात्र त्यांचं राज्य नाही. कायद्याचा इतिहास ते आम्हाला सांगतात: १८९२च्या कायद्यानं कौन्सिलातल्या सभासदांना प्रश्न विचारायची मुभा दिली, पण पूरक प्रश्न विचारायची नाही, ती १९०९ला मिळाली. नानांच्या घरात अजून १८९२ चालू आहे. एकदा जेवताना त्यांनी विचारलं, "सदर आमटीत मिठाचे प्रमाण कमी असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय?" नानी म्हणाल्या, "हे खरे नाही." नानांनी तोंड उघडलं. "उद्भवत नाही," नानी म्हणाल्या आणि भात वाढला.

इतकी वर्षं हे कानावर पडल्यावर बाई शिकणारच. गेल्या पावसाळ्यात स्वयंपाकघराचा पत्रा गळत होता. नानींनी तोंडानं सांगून पाहिलं, मग एक दिवस नानांच्याच कॅलेंडरचं पान घेतलं आणि लिहून घड्याळाखाली चिकटवलं: (१) पत्र्याकरिता गेल्या दिवाळीत वा त्यादरम्यान डांबराचा डबा आणण्यात आला, हे खरे आहे काय, (२) असल्यास, सदर डबा सद्यःस्थितीत कोठे आहे, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

नानांनी चष्मा लावून वाचलं. पहिल्याला 'होय' म्हणावंच लागत होतं, बिल नानींच्या डब्यात होतं. रात्री उशिरा त्यांनी त्याच कागदावर उत्तर लिहिलं. (१) होय. (२) डबा माळ्यावर उपलब्ध आहे. (३) प्रश्नकर्त्या सन्माननीय सदस्यांनी शिडी उपलब्ध करून न दिल्याने विलंब झाला.

शिडी मागच्या दाराला टेकवून ठेवलेली होती, गेल्या दिवाळीपासून. सभागृहाची दिशाभूल केल्याबद्दल सकाळच्या चहाच्या आत हक्कभंग दाखल झाला आणि नऊच्या सुमारास, वा त्यादरम्यान, नाना पत्र्यावर दिसले.